लोंढेमामांचं ‘चांगलं हाय’

रोज संध्याकाळी साडेपाचला आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, जनरेटरशेजारच्या पत्र्याच्या खोलीत, एक माणूस दिवसभरात शिवलेला बूट हातात घ्यायचा, खिडकीपाशी न्यायचा, उजेडात उलटासुलटा करून बघायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, “चांगलं हाय!”

समोर कोणी असो नसो. मग बूट फळीवर ठेवायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, शर्टाच्या बाह्या खाली करायच्या आणि सायकल काढायची. ते शमुवेल लोंढे. आम्ही सगळे लोंढेमामा म्हणायचो, आणि त्यांच्यामागे ‘चांगलं हाय मामा’. हॉस्पिटल सांगलीत, विश्रामबागेकडचं, हाडांचं. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच नोकरी करते. फिजिओथेरपी विभागात.

मामा तिथं पेशंटचे बूट बनवायचे. कुणाचा पोलिओनं एक पाय आखूड राहिलेला असतो, कुणाची पावलं जन्मतःच आत वळलेली असतात, कुणाच्या पायाला मधुमेहानं काही कळेनासं होतं आणि खिळा घुसला तरी पत्ता लागत नाही. अशा पायांना दुकानातला बूट चालत नाही. त्यांच्यासाठी मामा. डॉक्टर ऑपरेशन करायचे, आम्ही व्यायाम करून घ्यायचो, आणि शेवटी पेशंट चालत घरी जायचा तो मामांच्या बुटावर. पण पेढे मिळायचे डॉक्टरांना. थोडे आम्हाला. जनरेटरच्या खोलीपर्यंत पेढा पोचल्याचं मी तरी पाहिलं नाही.

पहिल्यांदा त्या खोलीत गेले ती भांडायलाच. नोकरीला लागून दुसरा आठवडा होता. माझ्या एका पेशंटचा बूट चार दिवस लांबला होता, आणि मी साताऱ्याची, आवाज चढवायला मला फार मोठं कारण लागत नाही. दारातूनच सुरुवात केली. मामा खाली मान घालून टाके घालत होते. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले,

“ताई, डाव्या पायाची करंगळी दुखती न्हवं तुमची?”

दुखत होती. कॉलेजपासून दुखत होती. लोकांच्या पायांचं शिक्षण घेऊन आलेली मी, आणि स्वतःची करंगळी चेपली जातेय हे मला ठाऊक नव्हतं. मामांनी जमिनीवर कागद पसरला, मला चप्पल काढून उभं केलं आणि पेन्सिलनं दोन्ही पावलांच्या कडेनं रेघ ओढली.

“ह्यो बगा. डावा मोटा हाय. कुनाचंच दोन पाय सारकं नसत्यात. दुकानदाराला त्ये परवडत न्हाई, म्हनून त्यो सारकं इकतो.”

कागदावर माझं नाव घातलं आणि तो एका जाडजूड गठ्ठ्यात सरकवला. गठ्ठ्यात सगळी पावलंच होती. चप्पल त्यांनी ताणून द्यायला ठेवून घेतली. भांडायला गेलेली बाई अनवाणी परत आली, याची प्लास्टर रूममध्ये आठवडाभर चर्चा होती.

तरीपण खरं सांगते, ते ‘चांगलं हाय’ माझ्या कानाला खटकायचं. आमच्या घरी ही रीतच नाही. शाळेत माझं अक्षर चांगलं म्हणून बाईंनी घरी येऊन सांगितलं, तर आई माझ्यादेखत म्हणाली, “कसलं चांगलं, कोंबडीचे पाय!” तिला अभिमान वाटत नव्हता असं नाही. बाई गेल्यावर तिनं ती वही शेजारच्या तीन घरांत फिरवली. पण तोंडानं कबूल करायचं नाही. आपली टिमकी आपण वाजवायची नाही. तेव्हा हा माणूस, चर्चमध्ये मागच्या बाकावर गुपचूप बसणारा, कुणाशी वर मान करून न बोलणारा, रोज स्वतःच्याच कामाला मोठ्यानं शाबासकी देतो, हे मला चमत्कारिकच वाटायचं.

त्याचा उलगडा नाताळात झाला. मामांनी फराळाला घरी बोलावलं होतं. त्यांच्याकडंही आपल्यासारखाच करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा घाट असतो, फक्त दिवाळीऐवजी नाताळाला. सुशीलामामींनी ताटली पुढं केली आणि आपण सगळ्या बायका म्हणतो तेच म्हणाल्या, “घ्या ताई. ह्या वर्षी करंज्या बिगडल्यात जरा. सारन कोरडं झालंय.”

करंजी तोंडात टाकली तर विरघळली. मी लगेच आपली बाजू सुरू केली, “छे छे, काहीतरीच काय मामी...” एवढ्यात मामांनी हातातली ताटली खाली ठेवली.

“सुशीला, खरं सांग. बिगडल्यात?”

“आवं, असं म्हनायचं असतं.”

“कुनी सांगितलं?”

मामींनी माझ्याकडं बघितलं, मी मामींकडं. सांगणार कोण? आईनं, आजीनं, शेजारणीनं, सगळ्यांनीच. मामी पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, “न्हाई बिगडल्या. चांगल्या झाल्यात.” आणि मग एकदम धीर येऊन, “लय चांगल्या झाल्यात! घ्या अजून चार!” आम्ही इतके हसलो की शेजारचे डोकावले.

मग मामा सांगायला लागले. प्रवचन वगैरे नाही, करंजी खात खातच.

“देवानं जग केलं. रोज काम करायचा, सांजच्याला थांबायचा, केल्यालं बगायचा आन् म्हनायचा, चांगलं हाय. आता त्याला सांगायला तितं कोन व्हतं? मानूस तर अजून झालाच न्हवता. आपलं आपनच म्हनाला. मंग आपन कशापायी लाजायचं?”

मी वाद घालणारच. म्हटलं, “मामा, तो देव आहे. त्याचं काम चांगलंच होणार. माणसाचं बिघडतं.”

“बिगडलं तर बिगडलं म्हनायचं की. त्येबी तेवढ्याच मोट्यानं.”

हे नुसतं बोलणं नव्हतं, त्याचा पुरावा मला दोन महिन्यांत मिळाला. माधवनगरच्या इंदुबाई म्हणून एक पेशंट होत्या. एक पाय पोलिओनं दोन इंच आखूड, आणि काम यंत्रमागावर, दिवसभर उभ्यानं. मामांनी त्यांना जाड तळव्याचा बूट करून दिला. इंदुबाई कॉरिडॉरमध्ये भिंतीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या, आणि आनंदानं म्हणाल्या, “लय झ्याक झालाय मामा!” बाकावरचे पेशंट वाहवा करायला लागले. मामा मात्र खाली उकिडवे बसून त्यांच्या टाचेकडं बघत होते.

“न्हाई चांगलं,” ते म्हणाले. साडेपाचच्या आवाजात. पार औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं. बूट काढून घेतला, कातडं कापायची रापी घेतली आणि सगळ्यांच्या देखत तळवा कापून वेगळा केला. इंदुबाई किंचाळल्याच.

“आवं, मला चालतंय की!”

“तुमाला चालतंय. तुमच्या कमरंला न्हाई चालायचं. टाच आत कलती. दोन रोज थांबा.”

तिसऱ्या दिवशी नवा बूट आला. मी मुद्दाम साडेपाचला खोलीपाशी गेले होते. “चांगलं हाय!” ऐकलं, आणि त्या दिवसापासून माझ्या कानाला ते खटकायचं थांबलं. जो माणूस ‘नाही चांगलं’ असं चारचौघांत म्हणू शकतो, त्याचं ‘चांगलं’ खरं असतं, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं.

एकदा मात्र माझ्याकडून फार वेडावाकडा प्रश्न गेला. दुपारची वेळ, पेशंट नव्हते, मी त्यांच्या खोलीत चहा घेत बसले होते. म्हटलं, “मामा, तुम्हाला कधी वाईट नाही वाटत, हे काम करताना?” तोंडातून गेलं आणि जीभ चावली. ‘हे काम’ म्हणजे काय, आणि ते मी का म्हणतेय, हे दोघांनाही कळलं होतं.

मामा रागावले नाहीत. हातातला दोरा मेणावरून ओढत म्हणाले, “माजा आजा साताऱ्याकडं आमच्या गावात साऱ्या गावाचं जोडं शिवायचा. पर सोताच्या पायात घालून पाटलाच्या दारावरनं जायची टाप न्हवती त्याची. हातात घिऊन जायचा. मंग त्यो ख्रिस्ती झाला. का झाला ठावं हाय? एका पाद्रीसायबानं जोडं शिवाय टाकलं आन् आज्याला खुर्चीवर ‘बसा’ म्हटलं. आजा मरोस्तवर त्या खुर्चीचं सांगायचा.”

दोऱ्याचं टोक तोडून म्हणाले, “आमच्यात एका लय मोट्या संतानं म्हटलंय, प्रभूच्या जोड्याचा बंद सोडायचीबी माजी लायकी न्हाई. चर्चात पाळकसायेब दर साली त्याच्यावरनं नम्रपना शिकिवत्यात. मी मागं बसून येगळाच इचार करतो.”

“काय?”

“म्हंजे प्रभूच्या पायात जोडा व्हता. कुनीतरी शिवला असंल.”

मामांनी सुईत दोरा ओवला.

“त्याचं नाव लिवल्यालं न्हाई कुटं. पर प्रभू गावोगाव चालला त्यो त्याच्याच शिवनीवर.” आणि पुन्हा टाके घालायला लागले.

आता त्या फॉर्मचं सांगते, कारण मामांची आणि माझी, दोघांचीही नोकरी त्याच्यावर लटकली होती.

हॉस्पिटलला नव्या प्रशासक मॅडम आल्या. पुण्याहून. हुशार, चटपटीत, माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं कागदावर हवं असायचं. त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला एक फॉर्म दिला. आपल्या कामाचं मूल्यमापन आपणच करायचं. कामाच्या दर्जाला दहापैकी गुण द्या, वक्तशीरपणाला द्या, असे सात प्रश्न, आणि शेवटचा आठवा : संस्थेसाठी आपले स्वतःचे मूल्य किती? एक ते दहा.

झालं. अख्ख्या हॉस्पिटलनं करंज्या बिघडवल्या! पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळणाऱ्या सिस्टरनी स्वतःला पाच दिले. मी चार. माझ्या हाताखालून उठून चालायला लागलेली माणसं सांगली-साताऱ्यात पैशाला पासरी सापडतील, आणि मी चार लिहिले, वर जरा जास्तच तर झाले नाहीत ना म्हणून दोनदा बघितलं. मनात कुठंतरी असं होतं की मॅडम वाचतील आणि म्हणतील, छे छे, चार कसले, काहीतरीच काय. आपल्यात समोरच्यानं तसं म्हणायचं असतं ना. पण फॉर्म कॉम्प्युटरमध्ये गेले, आणि कॉम्प्युटर काही ‘छे छे’ म्हणत नाही.

मामांनी कामाच्या दर्जाला नऊ दिले होते. मी विचारलं, “एक कुठं गेला?”

“इंदुबाईचा पैला बूट.”

आठवा प्रश्न मात्र कोरा. मी म्हटलं, “मामा, इथं दहा टाका आणि मोकळे व्हा.”

“त्ये माज्याकडं न्हाई, ताई. कामाला गुन देतो मी. माजं मोल ज्यानं ठरवायचं त्यानं कवाच ठरिवलंय, माज्यापायी क्रुसावर जीव दिला त्यानं. आता त्याच्यावर मी पेन चालवू? सात लिवलं तर त्याला कमी पडल्यागत व्हईल, धा लिवलं तर मी लय शाना झाल्यागत. ऱ्हाऊ द्या मोकळं.”

पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. ‘फेरविचारासाठी पदे’. पहिलं नाव शमुवेल लोंढे. कोऱ्या जागेचं कॉम्प्युटरनं शून्य धरलं होतं. बुटांची खोली बंद करून तयार बूट पुण्याहून मागवायचे, असा विचार चालला होता. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. चौथं नाव माझं. चार गुणांची बाई नसली तरी चालेल, असा त्याचा सरळ अर्थ.

मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि साडेपाचला माझे पाय आपोआप मागच्या खोलीकडं वळले. मला ते दोन शब्द ऐकायचे होते. मामांनी फळीवरून बूट घेतला. खिडकीपाशी नेला. उलटासुलटा केला. बराच वेळ. आणि काही न बोलता ठेवून दिला.

“मामा?”

“चांगला हाय त्यो,” ते बारीक आवाजात म्हणाले. “पर आवाज निगना, ताई. पैल्यांदाच असं झालं.”

मामांना कशानं काही होत नाही असं मी धरून चालले होते. त्यांच्या हाताला साबणाचा फेस तसाच होता आणि ते पाणी ओतायचं विसरले होते. मी तांब्या उचलून त्यांच्या हातावर पाणी घातलं. दुसरं काय करणार?

दोन दिवसांनी समितीपुढं बोलावलं. टेबलामागं मॅडम आणि आमचे मोठे डॉक्टर. माझा नंबर मामांच्या नंतर होता, पण मामांनी मला आतच उभं केलं. त्यांच्या काखेत तो पावलांचा गठ्ठा.

मॅडम म्हणाल्या, “लोंढे, तुम्ही स्वतःला शून्य दिलेत.”

“न्हाई मॅडम. मोकळं सोडलंय.”

“म्हणजे शून्यच झालं ना?”

“मोकळं म्हंजे मोकळं. शून्य म्हंजे मला काय मोल न्हाई. तसं म्हननं लबाडी हुईल. देवानं मला केलंय, ऱ्हाटगाडग्याचा खिळा म्हनून न्हाई, लेकरू म्हनून. त्याला गुन देत न्हाईत.”

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, “ती तुमची श्रद्धा आहे, मी मान देते. पण ही खोली मी का चालू ठेवू, ते मला सांगा. पुण्याहून बूट लवकर येतील.”

मामा बोलण्यात कधीच पुढं नव्हते. त्यांनी टेबलावरून एक कोरा कागद उचलला आणि जमिनीवर ठेवला.

“मॅडम, जरा चपला काढून हितं उभ्या ऱ्हाता का?”

मोठे डॉक्टर खुर्चीतून पुढं वाकले. मॅडम, खरंच सांगते, उठल्या. अनवाणी पायांनी कागदावर उभ्या राहिल्या. मामांनी गुडघे टेकून, पेन्सिल सरळ धरून, दोन्ही पावलांची रेघ ओढली आणि कागद मधोमध दुमडून उजेडापुढं धरला. उजवा पाय बोटभर जास्त रुंद होता.

“सांजच्याला उजव्या पायाच्या अंगठ्याची आग हुती का?”

“होते,” मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या.

“ह्ये धडधाकट मानसाचं. आता ह्ये बगा.” मामांनी गठ्ठा सोडला. आत वळलेली पावलं, बोटं नसलेली, एक मोठं एक मुलाएवढं, दर वर्षी नव्यानं काढलेली वाढत्या पोरांची. टेबल भरून गेलं. “पुन्याचं बूट जोडीनं सारकं येत्याल. पेशंटचं पाय सारकं असतं, तर त्यो हितं आला कशाला असता?”

मोठे डॉक्टर एक कागद हातात घेऊन बघत होते. “हा माझा पेशंट,” ते म्हणाले. “ऑपरेशन बरं झालं म्हणून मी सगळीकडं सांगतो. चालतो तो ह्यांच्या बुटावर.” हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, हे महत्त्वाचं.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. “आणि तुम्ही? चार?”

“नाही, म्हणजे तसं काही विशेष...” मी सुरू झाले, आणि मामांकडं नजर गेली. जमिनीवर बसल्या बसल्या ते माझ्याकडं बघत होते. इंदुबाईच्या टाचेकडं बघत होते तसंच.

“साडेआठ,” मी म्हटलं. “चार चुकीचे लिहिले.”

“मग लिहिले कशाला?”

“तसं लिहायचं असतं.”

“कुणी सांगितलं?” मॅडम म्हणाल्या. मामांच्या मिशा हलल्या.

चार दिवसांनी तो कागद बोर्डावरून उतरला. खोली राहिली, मामा राहिले, मी राहिले. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आठवा प्रश्न नव्हता. कागद उतरला त्या संध्याकाळी ‘चांगलं हाय’ असं आलं की प्लास्टर रूममधले लोक टाळ्या वाजवत बाहेर आले. मी जनरेटरच्या आडोशाला उभी राहून पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं, परीक्षेचा निकाल लागल्यावरसुद्धा नाही. मामा सायकल काढताना म्हणाले, “ताई, साडे कशापायी?”

“अर्धा भीतीनं कापला.”

“त्ये भ्या कमी करा,” ते म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली.

मामा निवृत्त होऊन साताऱ्याकडं गावी गेले. वर्षा-दीड वर्षानं मामींचा फोन आला. मामांच्या हातांना कंप सुटला होता. सुई धरवत नव्हती, चहाचा कपसुद्धा दोन हातांनी. मी ‘येते’ म्हटलं आणि गेले नाही. साताऱ्याला आईकडं तीनदा जाऊन आले, पण तिथून अर्ध्या तासावरच्या त्या गावी जायला पाय उचलेना. मला भीती वाटत होती. रोज संध्याकाळी हातातलं काम उजेडात धरणारा माणूस, आता हातात धरायला काही नसताना कसा दिसत असेल? कोण असेल तो? ते बघायचं माझ्यात धैर्य नव्हतं, असं आता कबूल करते.

शेवटी एका रविवारी गेले. मामा घराच्या पायरीवर बसले होते. बारीक झाले होते. दोन्ही हात मांडीवर, आणि हात आपले आपण हलत होते. मला बघून चेहरा असा फुलला की मी तीनदा टाळलं होतं ते विसरूनच गेले. मामी आतून पोहे घेऊन आल्या.

“घ्या ताई. पोहे लय फक्कड झाल्यात!”

मी मामांच्या शेजारी बसले आणि मला येतं ते केलं. चिंध्यांचा गोळा बांधून दिला, तो दाबायला शिकवलं, मनगट टेकून हात कसा स्थिर करायचा ते दाखवलं, एकेक बोट सोडवलं. तासभर गेला असेल. हात थांबला नाही, पण जरा सैल पडला. मामा समोर बघत होते. रस्ता, पलीकडं उसाचं रान, त्यावर तिरपं ऊन.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. खणखणीत नव्हे, पण स्पष्ट.

मी घड्याळ बघितलं. साडेपाच झाले होते. “काय चांगलं आहे मामा? आज काय केलंत?”

“काय न्हाई.”

“मग?”

“पैल्यांदा मलाबी असंच वाटलं. हात गेलं, आता काय ऱ्हायलं? महिनाभर भिंतीकडं तोंड करून निजलो. सुशीलाला इचारा. मंग एक रोज ध्यानात आलं. देवानं मानूस केला त्यो सहाव्या रोजी. आन् सातवा सुट्टीचा. म्हंजे मानसाचा पैला आख्खा रोज सुट्टीचाच की! हातानं कायबी कराया लागायच्या आदी. आन् तवाच देव त्याला बगून म्हनाला. बाकी रोज नुसतं चांगलं. मानूस झाल्यावर म्हनाला, लय चांगलं.” ते हसले. “मी आपला जनमभर बुटाकडंच बगत बसलो.”

काय बघायला घाबरत होते मी? माणूस जागच्या जागी होता, सगळाच्या सगळा.

एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठले, पायरी उतरले, तर मामांनी हाक मारली.

“ताई, तुमचं ऱ्हायलं.”

“काय?”

त्यांनी आपला उजवा हात पुढं केला. “आज काम केलंसा न्हवं ह्याच्यावर?”

मी रस्त्याकडं बघितलं. एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालली होती, समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे बसले होते. सगळे आमच्याकडंच बघत होते. साडेआठ म्हणाले होते खरी, पण हे दोन शब्द मी आयुष्यात स्वतःसाठी उच्चारले नव्हते. मी मामांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, उन्हाच्या बाजूला धरला, उलटा केला, सुलटा केला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत नीट बघितलं.

“चांगलं हाय,” मी म्हटलं.

“मोट्यानं,” मामा म्हणाले.

मी मोठ्यानं म्हटलं. वैरणवाली बाई भाऱ्यासकट थांबली. मामांनी मान डोलावली, हात मांडीवर ठेवला आणि पुन्हा उन्हाकडं बघायला लागले. त्यांना मी बघितलं ते तेवढंच शेवटचं.